‘असं बोलू नका आजी’: एका शुश्रूषागृहातल्या प्रशिक्षणाचं प्रकरण

आजी गेल्यानंतर दोन आठवड्यांनी त्यांची मुलगी खोलीतलं सामान न्यायला आली. सामान ते काय, एक चष्मा, छोटा रेडिओ, दोन शाली आणि पत्रांचा डबा. निघताना ती मुख्य सिस्टरांना म्हणाली, “शेवटचे नऊ दिवस आई आयसीयूत होती. व्हेंटिलेटरला मीच हो म्हटलं. तिला स्वतःला काय हवं होतं, हे ती इथे कुणाला कधी बोलली होती का?” सिस्टरांनी फाइल चाळली. “नाही हो ताई, नोंदीत तसं काही नाही.” त्या खोटं बोलत नव्हत्या. नोंदीत खरंच काही नव्हतं. दाराशी चादरींचा गठ्ठा घेऊन उभ्या असलेल्या मावशी मात्र तिथून निघून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर सिस्टरांसमोर येऊन बसल्या. “मला बोलल्या होत्या,” म्हणाल्या. “चारदा तरी.”

या प्रकरणातली माझी अडचण अशी की, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या काळजीबद्दल रहिवाशांशी कसं बोलावं, याचं प्रशिक्षण या घटनेच्या सहा महिने आधी त्याच संस्थेत दिलं गेलं होतं. ते मीच दिलं होतं.

एक खुलासा आधीच करते. नर्सिंग होम म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लहानसं खासगी रुग्णालय येतं. इथे तसं नाही. ज्यांना घरी सांभाळणं शक्य नाही अशी म्हातारी, आजारी माणसं जिथे महिनोन् महिने, बहुधा शेवटपर्यंत राहतात, ती ही जागा. म्हणून मी शुश्रूषागृह हा शब्द वापरते. ओळख पटू नये म्हणून संस्थेचे आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत.

आजी

वय 84. हृदय कमजोर, त्यामुळे पायांवर सूज आणि रात्री धाप. मूत्रपिंडंही थकलेली. शेवटच्या वर्षात दोनदा रुग्णालयात भरती. बुद्धी मात्र लख्ख. औषधाची गोळी बदलली तर रंगावरून ओळखायच्या, आणि फळ्यावर लिहिलेल्या सूचनेत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर बोलावून दुरुस्त करायला लावायच्या.

मावशींनी सांगितलेली चार वाक्यं मी त्यांच्याच तोंडून ऐकली आणि तशीच उतरवून घेतली.

दुसऱ्यांदा रुग्णालयातून परत आल्यावर, अंग पुसताना: “तिथे आता नको गं. हात बांधतात ते लोक.” नळ्या ओढू नयेत म्हणून आयसीयूत त्यांचे हात पट्ट्यांनी बांधले होते. मावशींचं उत्तर: “असं बोलू नका आजी, तुम्हाला काही होत नाही.”

काही आठवड्यांनी, केस विंचरताना: “आता पिकलं पान.” उत्तर: “अहो, शंभरी गाठायचीय अजून!” दोघी हसल्या.

शेजारच्या खोलीतल्या बाई झोपेत गेल्या त्या सकाळी: “सुटली बाई. असं सुटावं.” मावशी काही बोलल्या नाहीत, खिडकी उघडली.

आणि शेवटच्या रात्रीच्या आठवडाभर आधी: “लेकीला सांगायचंय, पण ती रडायला लागते.” या वेळी मावशींनी विचारलं होतं, “सिस्टरांना सांगू का?” आजी म्हणाल्या, “नको. त्या लगेच तो फॉर्म घेऊन येतील.”

तो फॉर्म मी आणलेला होता.

पहिलं प्रशिक्षण

दोन दिवसांचं होतं. सगळ्या परिचारिका, दोन डॉक्टर आणि एक समाजसेविका. मावशी आणि रात्रपाळीचे मदतनीस नव्हते. व्यवस्थापन म्हणालं, त्यांना कामावरून सोडता येणार नाही, आणि तसंही हा त्यांचा विषय नाही. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याकडे आज पाहिलं की बाकीच्या सगळ्या चुका किरकोळ वाटतात.

शिकवलं ते चुकीचं नव्हतं. कायदा सांगितला. अमेरिकेत 1990 साली झालेल्या कायद्यानं रुग्णालयांवर आणि शुश्रूषागृहांवर बंधन घातलं की, दाखल होणाऱ्या माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क समजावून सांगायचा आणि त्याचं आधीच लिहून ठेवलेलं काही आहे का, हे विचारायचं. इंग्लंड-वेल्समध्ये 2005 चा मानसिक क्षमतेचा कायदा आहे. तिथे जीव वाचवणारे उपचार आगाऊ नाकारायचे तर ते लेखी, सहीनिशी आणि साक्षीदारासमोर असावं लागतं. भारतात सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची किचकट पद्धत बरीच सोपी केली. मग वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची पद्धत शिकवली. ती 2000 साली कर्करोगतज्ज्ञांसाठी मांडली गेली होती आणि आजही चांगली आहे. शेवटी फॉर्म: सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न) हवा की नको, व्हेंटिलेटर, नाकातून नळी, रुग्णालयात हलवणं. प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर चाचणी घेतली. गुण वाढले. सगळे खूश.

पुढच्या सहा महिन्यांत नऊ फॉर्म भरले गेले, त्यातले सात एकाच आठवड्यात. त्या आठवड्यात संस्थेची तपासणी होती. आजींचा फॉर्मही त्यातच होता. त्यावर लिहिलं होतं: ‘चर्चा केली. मुलीला विचारा असे म्हणतात.’ सगळे रकाने कोरे. खाली सही सिस्टरांची.

मला ही सिस्टर दोषी वाटत नाही. सकाळी अकरा वाजता, बाजूच्या पलंगावर कुणी ऐकत असताना, हातात कागद घेऊन आलेल्या माणसानं ‘हृदय बंद पडलं तर छाती दाबायची का’ असं विचारलं, तर 84 वर्षांच्या शहाण्या बाईनं दुसरं काय उत्तर द्यावं?

ती रात्र

पहाटे पावणेतीनला धाप वाढली. ड्यूटीवरच्या सिस्टर तीन आठवड्यांपूर्वी रुजू झालेल्या. त्यांनी मुलीला फोन लावला. काय बोलल्या ते त्यांना शब्दशः आठवत होतं: “आईंची तब्येत अचानक बिघडलीय. रुग्णालयात हलवू ना?” मुलगी झोपेतून उठलेली. “हो हो, जे करता येईल ते करा.” अर्ध्या तासात रुग्णवाहिका, मग अतिदक्षता विभाग, घशात नळी. हात पुन्हा बांधले असावेत. ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

‘जे करता येईल ते करा’ हे वाक्य नातेवाइकांचा निर्णय म्हणून फाइलींमध्ये लिहिलेलं मी असंख्य वेळा वाचलं आहे. तो निर्णय नसतो. घाबरलेल्या माणसाचं ते ‘मला एकटीला सोडू नका’ असं म्हणणं असतं. आणि ‘हलवू ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच घालून ठेवलेलं होतं. त्यावर ‘नको’ म्हणायला पहाटे तीन वाजता जे बळ लागतं, ते कुठल्या लेकीत असणार?

पाळ्यांमध्ये बसून

संस्थेनं मला पुन्हा बोलावलं ते ‘रिफ्रेशर कोर्स’ घ्यायला. मी म्हटलं, आधी आठवडाभर नुसती बसू द्या. तिन्ही पाळ्या. मी कपाटाशेजारच्या स्टुलावर बसले, चादरी घड्या करायला मदत केली आणि ऐकलं.

मरणाबद्दलचं बोलणं शोधावं लागलं नाही. ते सगळीकडे होतं, फक्त नियोजित बैठकींत नव्हतं. ते अंघोळीच्या वेळी येतं, कारण त्या वेळी अंगावर कपडे नसतात आणि नजरेला नजर नसते. ते भरवताना येतं. रात्री दोनला कूस बदलताना येतं. कुणाचा तरी पलंग रिकामा झाला की दोन दिवस जास्त येतं. थेट शब्दांत क्वचितच. ‘पुढच्या वर्षी कोण बघतंय’, ‘माझा मुलगा आला की त्याला त्या कागदांचं सांगायचंय’, ‘देवाला माझा पत्ता सापडत नाहीये वाटतं’. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी समोरून तेच तीन प्रकार: दटावणी (‘असं अभद्र बोलू नये’), दिलासा (‘काही होत नाही’) किंवा थट्टा (‘आम्हाला सोडून कुठे जाताय?’). तिन्ही प्रेमातून आलेले. तिन्हींनी दार बंद होतं.

का बंद करता, असं मी मावशींना विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, मृत्यूची भीती हे उत्तर येईल. आलं वेगळंच. “मी ‘हो, बोला’ म्हटलं आणि रात्री त्यांना काही झालं, तर म्हणतील हिनंच काहीतरी भरवलं डोक्यात.” दुसरी म्हणाली, “ऐकलं तर मग काय करायचं? सिस्टरांना सांगितलं तर त्या म्हणतात, तू तुझं काम कर.” एका मदतनिसानं सांगितलं की, त्यानं हाताळलेल्या माणसांपैकी कोण गेलं हे त्याला बऱ्याचदा रिकाम्या पलंगावरूनच कळतं. त्याला कुणी सांगत नाही. त्याच्या दुःखाला या इमारतीत जागाच नव्हती, मग तो दुसऱ्याचं दुःख कुठे ठेवणार?

म्हणजे माझ्या पहिल्या प्रशिक्षणानं संवाद सुरू कसा करायचा हे शिकवलं होतं. संवाद तर रोज सुरू होतच होता. तो बंद न करणं, आणि ऐकलेलं योग्य माणसापर्यंत पोचवणं, हे शिकवायचं राहिलं होतं.

संशोधन काय म्हणतं

माझ्या अपयशाला चांगली सोबत आहे, असं म्हणायला हरकत नाही. अमेरिकेतल्या 360 शुश्रूषागृहांमध्ये एक मोठी चाचणी झाली. रहिवासी आणि कुटुंबीयांना काळजीच्या नियोजनाबद्दल छोटे व्हिडिओ दाखवायचे, एवढाच बेत. 2020 मध्ये निकाल आला: रुग्णालयात हलवण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. पण व्हिडिओ मुळात साधारण पाचातल्या एकाच रहिवाशाला दाखवला गेला होता. त्याच वर्षी सात युरोपीय देशांतल्या 78 संस्थांमधला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात बरंच व्यापक प्रशिक्षण होतं. शेवटच्या आठवड्यातल्या आरामात फरक पडला नाही, काळजीच्या एकूण दर्जाबद्दलचे गुण मात्र थोडे सुधारले.

उलट बाजूला मेलबर्नमधल्या एका रुग्णालयातली, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आहे. 80 वर्षांवरचे 309 रुग्ण. निम्म्यांशी प्रशिक्षित माणसांनी नीट बसून, शक्य तिथे कुटुंबीयांसह बोलणं केलं. त्यातले जे पुढे वारले, त्यांच्यापैकी 86 टक्के लोकांची इच्छा माहीत होती आणि पाळली गेली. दुसऱ्या गटात हेच प्रमाण 30 टक्के. हे बोलणं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी केलं नव्हतं. त्यासाठीच शिकवून तयार केलेले सहायक होते.

मी या तिन्हींचा अर्थ असा लावते: साधन वाटून उपयोग होत नाही, आणि मुद्दाम वेळ काढणारं माणूस असेल तर होतो. शुश्रूषागृहात तसं वेगळं माणूस नेमायला पैसे नसतात. मग जे माणूस रोज तासभर त्या शरीराला हात लावतंच आहे, त्यालाच का नाही?

दुसऱ्यांदा

दहा आठवडे, दर आठवड्याला वीस मिनिटं, पाळी बदलताना, चादरींच्या खोलीत. रात्रपाळीसाठी वेगळं सत्र रात्री दहाला. मावशी, मदतनीस, सफाईवाले, सिस्टर, सगळे एकत्र. एका वेळी एकच गोष्ट शिकायची.

पहिल्या आठवड्यात फक्त हात थांबवायला शिकलो. कुणी असं काही बोललं की हातातला कपडा, कंगवा, चमचा आहे तिथे थांबवायचा आणि दहा सेकंद गप्प राहायचं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सराव केला. दहा सेकंद किती लांबलचक असतात! निम्म्या जणी सहाव्या सेकंदाला हसायला लागल्या.

दुसऱ्या आठवड्यात समोरच्याचेच शब्द परत म्हणायचे. “पिकलं पान म्हणताय आजी?” एवढंच. पुढे काही नाही. इथे एक गोष्ट मला मावशींनी शिकवली. मी पुस्तकी वाक्य सुचवलं होतं, ‘तुम्हाला याबद्दल बोलायला आवडेल का?’ एक मावशी म्हणाल्या, “असं कोण बोलतं हो ताई? आम्ही ‘काय मनात आलं?’ असं विचारतो.” त्या दिवसापासून ‘काय मनात आलं?’ हेच आमचं वाक्य झालं, आणि सिस्टरही तेच वापरायला लागल्या.

अभिनयाचा सराव पहिल्यांदा फसला. मरणाऱ्या माणसाची भूमिका करायला कुणी तयार होईना, अपशकुन वाटत होता. मग आम्ही उलट केलं. प्रत्येकीनं स्वतःच 84 वर्षांची व्हायचं आणि सांगायचं: मला कुणी अंघोळ घालावी, खोलीत काय असावं, कुणाला बोलवावं, कुठे जायचं नाही. चादरींच्या खोलीत त्या दिवशी वीस मिनिटांचा पाऊण तास झाला.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातून जे घडलं ते इथे वगळलं तर हे प्रकरण खोटं होईल. उदाहरण म्हणून मी आजींची चार वाक्यं सांगितली. नाव घेतलं नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. त्या मावशी समोरच बसलेल्या. मी त्यांना आधी विचारलंच नव्हतं. त्या उठून गेल्या आणि पुढची दोन सत्रं आल्या नाहीत. ऐकून घेण्याचं शिकवायला निघालेल्या बाईनं दुसरीचं ऐकलेलं असं चव्हाट्यावर मांडावं! मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी ‘असू द्या’ म्हटलं. ‘असू द्या’चा अर्थ काय तो मला कळतो.

वही

ऐकलेलं कुठे जाणार, हा प्रश्न सोडवल्याशिवाय ऐकायला शिकवणं अन्यायाचं होतं. म्हणून प्रत्येक मजल्यावर एक साधी वही ठेवली. नियम एकच: रहिवाशाचे शब्द जसेच्या तसे, तारीख, वेळ, आणि त्या वेळी काय चाललं होतं. अर्थ लावायचा नाही. ‘निराश वाटतात’ असं लिहायचं नाही. ‘आता पुरे झालं म्हणाल्या, पाठ चोळताना’ असं लिहायचं. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांनी सिस्टरांना सांगायचं, आणि सिस्टरांनी बोललेलं जसंच्या तसं उतरवायचं. आठवड्यातून एकदा सिस्टर आणि समाजसेविका वही वाचतात आणि ठरवतात, कुणाशी आता सविस्तर बसायला हवं. त्या बैठकीत रहिवाशाला हवं असेल तर मावशीही बसतात.

हद्दही आखून दिली. सीपीआर म्हणजे काय, व्हेंटिलेटरनं किती फायदा होईल, हे मावशींनी सांगायचं नाही. ते सिस्टरांचं आणि डॉक्टरांचं काम. ही हद्द आल्यावर मावशींना उलट मोकळं वाटलं. ‘डोक्यात भरवलं’ हा आरोप आता येणार नव्हता.

वाद झाला तो गुपिताचा. एका काकूंनी मदतनिसाला काहीतरी सांगितलं आणि म्हणाल्या, “हे कुणाला बोलू नकोस.” लिहायचं का? डॉक्टरांचं मत, लिहायलाच हवं, उपचारांशी संबंध आहे. माझं मत, नाही. नाहीतर पुढच्या वेळी त्या त्यालाही बोलणार नाहीत. शेवटी असं ठरलं की ऐकतानाच विचारायचं, “हे सिस्टरांच्या कानावर घालू का?” नको म्हटलं तर काही दिवसांनी पुन्हा विचारायचं. स्वतःला इजा करण्याचं बोलणं असेल तर मात्र लगेच सांगायचं, आणि सांगणार आहे हेही त्यांना सांगायचं.

डॉक्टरांचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार होता. आज नको म्हणणारा माणूस उद्या धाप लागल्यावर हो म्हणतो, मग या सगळ्या नोंदींना काय अर्थ? असा आक्षेप या क्षेत्रातल्या मोठ्या लोकांनीही घेतला आहे. शॉन मॉरिसन, डायन मायर आणि रॉबर्ट आर्नल्ड या तीन अमेरिकी तज्ज्ञांनी 2021 मध्ये लिहिलं की, आगाऊ इच्छापत्रांवर इतकी वर्षं भर देऊनही अपेक्षित फळ मिळालेलं नाही आणि लक्ष ऐन प्रसंगी घ्यायच्या निर्णयांकडे वळवावं. मला हे बऱ्याच अंशी पटतं. म्हणूनच वहीतला कागद आम्ही हुकूमनामा मानत नाही. पहाटे तीनला फोन उचलणाऱ्या लेकीच्या हाताशी आईचे शब्द असावेत, एवढीच त्याची कामगिरी. रुग्णालयातून परत आल्यावर प्रत्येक वेळी पुन्हा विचारायचं, हेही त्यातूनच आलं.

स्मृतिभ्रंशाच्या मजल्यावर हे सगळं वेगळं चालतं, कारण तिथे शब्दच विरळ. तिथे नातेवाइकांशी बोलावं लागतं, आणि बऱ्याच नातेवाइकांना हा आजार जीवघेणा आहे हेच माहीत नसतं. बॉस्टन परिसरातल्या 22 शुश्रूषागृहांमधल्या 323 रहिवाशांचा अभ्यास 2009 मध्ये आला. स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यात पोचलेले हे लोक, 18 महिन्यांत निम्म्याहून जास्त वारले. गेलेल्यांपैकी सुमारे 41 टक्के लोकांना शेवटच्या तीन महिन्यांत रुग्णालय, सलाइन किंवा नळीतून अन्न असं काहीतरी सोसावं लागलं. ज्यांच्या घरच्यांना पुढे काय होणार याची कल्पना होती, त्यांच्या वाट्याला हे फार कमी आलं. या मजल्यावर आम्ही प्रश्न बदलला. ‘तुम्हाला काय हवं’ ऐवजी ‘त्यांनी आपली ही अवस्था आधीच पाहिली असती, तर काय म्हणाले असते?’ मुलांच्या खांद्यावरचं ओझं या एका प्रश्नानं निम्मं उतरतं. नाकातल्या नळीबद्दल विचारलं तर सिस्टर सांगतात की, या टप्प्यात नळीपेक्षा हातानं, हळूहळू, जेवढं जाईल तेवढं भरवावं अशी वृद्धांवर उपचार करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेचीही 2014 पासूनची शिफारस आहे. भरवण्याच्या कलेत मावशींचा हात धरणारं तिथे कुणी नाही. हे पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं बोललं.

औषधाविना शब्द

सातव्या आठवड्यात रात्रीच्या सिस्टरांनी मला गप्प केलं. “समजा आजी म्हणाल्या, रुग्णालय नको. मुलगीही नको म्हणाली. पहाटे तीनला त्यांचा जीव गुदमरतोय. माझ्याकडे काय आहे?”

ऑक्सिजनचा सिलिंडर होता. बाकी काही नव्हतं. धाप कमी करायला अगदी थोड्या मात्रेत मॉर्फिन चालतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. इथे ते कपाटात नव्हतं, रात्री कुणाला विचारायचं ते ठरलेलं नव्हतं, आधीच लिहून ठेवलेली मात्रा नव्हती. ‘इथेच राहू द्या’ म्हणणाऱ्या माणसाला आपण इथे काय देणार, याचं उत्तर नसेल तर ते बोलणं ही फसवणूक आहे. मी पहिल्या प्रशिक्षणात या विषयावर एक स्लाइडही ठेवली नव्हती. परवाने, कुलूपबंद कपाट, डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवायच्या मात्रा आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर, एवढं जमवायला संस्थेला पाच महिने लागले. प्रशिक्षणाच्या दहा आठवड्यांपेक्षा हेच अवघड गेलं. मधल्या काळात उशी, उंच केलेला पलंग, तोंडावर वारा येईल असा छोटा पंखा आणि शेजारी बसलेलं माणूस. पंख्याला कुणी हसू नये. त्यानं धाप खरोखर हलकी वाटते.

फोनवर काय बोलायचं तेही लिहून काढलं आणि फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवलं. आधी ‘मी आत्ता त्यांच्या शेजारी आहे’. मग काय होतंय ते दोन वाक्यांत. मग वहीतले त्यांचे स्वतःचे शब्द वाचून दाखवायचे. मग, ‘इथे ठेवून त्रास कमी करता येईल, किंवा रुग्णालयात नेता येईल. त्या आत्ता बोलू शकत असत्या तर काय म्हणाल्या असत्या?’ आणि शेवटी गप्प बसायचं. पुन्हा ते दहा सेकंद.

काका

हे प्रशिक्षण ‘रुग्णालय नको’ म्हणवून घेण्यासाठी आहे, असा समज पसरायला वेळ लागला नाही. तो मोडला एका काकांनी. फुप्फुसाचा जुना आजार, पलंगाला खिळलेले. सगळ्यांनी गृहीत धरलेलं की यांना आता शांतता हवी. दाढी करताना मदतनिसानं ‘काय मनात आलं?’ विचारलं, तर म्हणाले, “भाऊ येणार आहे दोन महिन्यांनी, परदेशातून. तोवर मला जगवा. नळ्या घाला, काय वाट्टेल ते घाला.” वहीत तसंच उतरलं. तीन आठवड्यांनी न्यूमोनिया झाला तेव्हा रात्रीच्या सिस्टरांनी ते पान वाचलं आणि त्यांना तडक रुग्णालयात पाठवलं. ते परत आले. भाऊही आला. त्यानंतर त्यांनी स्वतःहून सांगितलं, आता पुढच्या वेळी नको. तेही वहीत आहे, त्याच पानावर खाली.

राहिलेलं

वर्षभरात निम्म्याहून जास्त मावशी आणि मदतनीस बदलले. पगार तोकडा, काम कंबर मोडणारं, दुसरीकडे थोडे जास्त मिळाले की माणूस जातं. शिकवलेलं त्यांच्याबरोबर जातं. नव्यांना जुन्या मावशी शिकवतात तेवढंच टिकतं. व्यवस्थापनाला अजून किती जणांना प्रमाणपत्रं दिली याचा आकडा हवा असतो. डॉक्टरांपैकी एक जण वही उघडत नाहीत. काही आठवडे वहीत काहीच नसतं, आणि तेव्हा मला कळत नाही की कुणी बोललं नाही, की कुणी थांबलं नाही.

आणि मुलीचा प्रश्न होताच. मावशींनी जे ऐकलं होतं ते तिला सांगायचं का? मुख्य सिस्टरांना वाटत होतं, आता सांगून तिला आयुष्यभराची टोचणी कशाला. व्यवस्थापनाला तक्रारीची भीती. मी म्हटलं, तिनं विचारलं होतं आणि आपण ‘नाही’ म्हणून सांगितलं. ते उत्तर खोटं ठरलंय हे आपल्याला माहीत असताना तसंच ठेवायचं का? शेवटी ठरवलं मावशींनी. “मीच सांगते,” म्हणाल्या. “पण तुम्ही कुणी मध्ये बोलू नका.”

मुलगी आली. मावशींनी चारही वाक्यं सांगितली, स्वतः काय उत्तर दिलं तेही सांगितलं, ‘ती रडायला लागते’ हेसुद्धा वगळलं नाही. मुलगी रडली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिनं वही मागितली. मावशींनी ती वाक्यं पहिल्याच पानावर लिहून घेतली होती, तारखा आठवतील तशा. तिनं दोनदा वाचलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

“आई ‘सुटली’ नाही म्हणायची. ‘मोकळी झाली’ म्हणायची.”

“मला ‘सुटली’च ऐकू आलं, ताई,” मावशी म्हणाल्या.

मुलीनं पेन घेतलं, पण खोडलं नाही. शेजारी बारीक अक्षरात ‘मोकळी झाली’ असं लिहिलं. आता त्या ओळीत दोन्ही शब्द आहेत.